मनुआत्याची सात तवशी

अलिबाग
१८ जुलै २०२४

ती. मनुआत्यास,
क्रांतीचा नमस्कार.

"बोट काढ तिथनं. आत कुणी बाळंतीण असंल." हे तू मला म्हणाली होतीस तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. तुझ्या वरकसच्या, त्या डोंगरउताराच्या तुकड्याच्या, बांधाला उन्हाच्या बाजूनं बारीक भोकं होती आणि त्यातल्या एकात मी करंगळी घालून बघत होते. तू खुरपं हातात घेऊन धावत आलीस. मला वाटलं, मार बसणार. पण तू मला शेजारी बसवून घेतलंस. थोड्या वेळानं एक माशी आली, पाठीवर निळे पट्टे, पायांना पिवळी भुकटी माखलेली, आणि सरळ त्या भोकात शिरली. "शिदोरी घेऊन आली," तू म्हणालीस.

काल कामासाठी पेणकडे गेले होते. तिथे एका शेताला तसाच बांध दिसला आणि मी बराच वेळ गाडी सुरू केली नाही.

परवा मैनाचा फोन आला होता. सुनेनं सासूची तक्रार करावी तसा नव्हता, काळजीचा होता. म्हणाली, मांडवावर काकडीचे वेल नुसते फुलतात, तवशी धरत नाहीत आणि आईंना जेवायला दोनदा हाक मारावी लागते. फोनवर तुला माझं ऐकू येत नाही, आणि मैनाला मधे घालून बोललं की "काय म्हणते, काय म्हणते" करून तूच चिडतेस. म्हणून पत्र. साक्षरतेच्या वर्गात मी दहा वर्षांची मास्तरीण होऊन तुझ्याकडून पाटीवर गिरवून घ्यायचे, ते कधीतरी कामाला यायलाच हवं.

काय झालंय ते तू स्वतः लिही. वरकसवरचं गवत कसं आहे? कापणीवाले वेळेवर येतात ना?

तुझी,
क्रांती


वरचीवाडी, ता. म्हसळा
२७ जुलै २०२४

चि. क्रांतीस आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अक्षर डाक्टरासारखं झालंय तुझं. मास्तरीण होतीस तेव्हा बरं होतं.

गवताला काय धाड भरल्ये? दोन माणसं उंच झालंय. कापलं की तीन महिन्यांत परत तेवढंच. कापणीवाले येतात, जातात. तुझी कंपनी त्याचा गॅस करती म्हणतात, करू दे.

माझी तवशी न्हाय. फुलं भरपूर. फुलाखाली बोटाएवढं तवसं धरतं, दोन दिवस बघतं माझ्याकडं, मग पिवळं पडतं नि गळतं. भोपळ्याचं पण तेच. गेल्या साली म्हटलं पाऊस लय झाला. यंदा कुणाला नाव ठेवू?

तुला आपल्या वाडीची रीत म्हाईत हाय. मृग लागला की वेलाचं पहिलं बी माझ्या हातनं पडतं. आधी सासूच्या हातनं पडायचं, ती गेल्यावर माझ्या. चाळीस वर्षं झाली. बायका बी घेऊन येतात, मी त्यांच्या दारी जाते, आळ्यात तीन दाणे घालते, पहिलं तवसं माझ्या घरी येतं. गेल्या साली नऊ घरी घातलं. नऊ घरी गळलं. यंदा तिघींनी बोलावलं. शेजारची भागुबाय आली न्हाय. मी तिच्या दारावरनं गेले तर बोलावून चहा दिलान. चाळीस वर्षांत तिनं मला पाण्याशिवाय काय विचारलं न्हाय. चहा दिला तेव्हाच समजले मी.

हाताचा गुण गेला म्हणायचा. वय झालं की डोळे जातात, कान जातात, हात पण जात असंल. तू शेतीच्या कंपनीत हाईस. हाताला काय औषध असतं का?

मनुआत्या


अलिबाग
३ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास नमस्कार.

हाताला औषध नसतं, आणि तुझ्या हाताला काही झालेलंही नाही. असं मनात आणू नकोस. वेलांना कधी कधी जमिनीतून काही गोष्टी कमी पडतात, त्यानं फळ गळतं. सोबत एक पुडी पाठवते आहे. चमचाभर दहा लिटर पाण्यात मिसळून संध्याकाळी पानांवर मार.

दुसरीही काही कारणं असू शकतात. ती भेटल्यावर बोलू. पंधरा ऑगस्टला जोडून तीन दिवस सुट्टी मिळते आहे, येते. चिंबोऱ्या पकडायला कुणाला ओढ्यावर पळवू नकोस, मी तुझ्या हातची नाचणीची भाकरी खायला येते आहे.

क्रांती


वरचीवाडी
१४ सप्टेंबर २०२४

चि. क्रांतीस आशीर्वाद.

सात!

तू गेलीस त्यानंतर मांडवाखाली बघते तर एक धरलेलं. दुसऱ्या दिवशी पानाआड अजून दोन. म्हटलं गळतील. गळली न्हाईत बाय! सात तवशी झाली, हाताएवढी लांब, एक तर मैनानं काखेत धरून आणलं बाळासारखं. तुझी पुडी लागू पडली म्हणते मैना. मी म्हणते पुडी बिडी काय न्हाय, हातात हाय अजून. तुझा पायगुण म्हण फार तर.

मैना अजून हसते तुला. म्हणते, क्रांतीताई तीन दिवस पहाटे उठून मांडवात फुलांशी बोलत होत्या. काय बोललीस गं?

सात तवशी सात घरी दिली. घरी एकबी ठेवलं न्हाय. माझं मीच नेऊन दिलं प्रत्येकीच्या हातात. भागुबायनं वास घेतलान, मग माझ्या पायाला हात लावलान. म्हणाली, "चुकले मनुबाय, तोंडानं बोलले न्हाय पण मनात आणलं." मी म्हटलं, "तुझा चहा बोलला की." मग हसलो दोघी. तिच्या प्राप्तीचं लग्न ठरलंय, वैशाखात, वाडीतच खालच्या आळीला दिल्ये. नवीन घर हाय, बाहेरनं येऊन राह्यलेलं. म्हणाली, पोरीच्या दारात पहिलं बी तुमच्याच हातनं.

गौरीला यंदा तेरडा ओढ्यापलीकडनं आणावा लागला. वरकसवर एक झाड न्हाय. तेवढं बरं न्हाय वाटलं.

मनुआत्या


अलिबाग
३० सप्टेंबर २०२४

ती. आत्यास नमस्कार.

तवशांचं वाचून बरं वाटलं. कामाची गडबड आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. पुढच्या मृगाला घरोघर बी घालायला जाऊ नकोस. तुझे गुडघे दुखतात, चिखलात बसणं-उठणं होतं. घरच्या मांडवापुरतं कर. माझं एवढं ऐक.

क्रांती


वरचीवाडी
२२ जून २०२५

चि. क्रांतीस आशीर्वाद.

गुडघ्यांचं सांगणारी तू कोण? अकरा घरी बी घालून आले. जास्ती दोन घरं, तुला सांगायचं म्हणून सांगते. प्राप्तीच्या दारी शेवटी गेले. पोरगी साडी नेसून उभी होती, जणू लग्न आजच हाय. तीन दाणे घातले, माती लोटली. तिची सासू म्हणाली, "आमच्याकडं अशी रीत न्हाय, पण चांगली हाय." भागुबाय म्हणाली, "सात तवशांचा हात हाय." मला ऐकू येत न्हाय पण तेवढं ऐकू आलं.

तू वर्षात आली न्हाईस. पत्रं पण बोटभर लिहितेस. मोठी साहेबीण झालीस का? श्रावणात ये.

मनुआत्या


अलिबाग
२ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास नमस्कार.

श्रावणात आले नाही. तुझ्या जूनच्या पत्राला उत्तर दिलं नाही. मैनानं फोनवर सगळं सांगितलं. अकरा घरी तवशी गळली. प्राप्तीच्या सासूनं वेल उपटून ओढ्यात टाकला. आणि तू आता पाण्याला दुपारी जातेस, कुणी नसतं तेव्हा.

आत्या, तुझ्या हाताला काही झालेलं नव्हतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आता मी सरळ लिहिते. तू सावकाश वाच.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात गवताचा करार घेऊन मी तुझ्या पडवीत बसले होते. तू डावा कान माझ्याकडे केलास आणि म्हणालीस, "मोठ्यानं वाच." मी बारा कलमं मोठ्यानं वाचली असं तुला वाटलं. मी अकरा वाचली. सातव्या कलमावर मी पान उलटलं. त्यात लिहिलं होतं की यंत्र फिरण्यासाठी शेतातले आतले बांध काढून जमीन सलग करण्यात येईल. ते वाचलं असतं तर तू सही केली नसतीस. तुझं वरकस मधोमध. ते मिळालं नसतं तर वाडीतल्या बाकीच्या जमिनीपर्यंत यंत्र पोचलं नसतं. कंपनीत माझ्याकडे आलेली ती पहिलीच वाडी होती. तू सही केलीस म्हणून पाच घरांनी केली.

त्या बांधांमधे माश्या राहत होत्या. आपल्याला मधाच्या पोळ्यातल्या माश्या तेवढ्या माहीत, पण या एकट्या राहणाऱ्या. प्रत्येकीचं भोक वेगळं, प्रत्येकीची पिल्लं वेगळी. त्यांना उघडी, कोरडी, उन्हातली माती लागते. आणि वर्षभर कुठे ना कुठे फुलं लागतात: तीळ, खुरासणी, तेरडा, कुर्डू, बांधावरचं जे जे तू उपटत नव्हतीस ते. ते हत्तीगवत फुलायच्या आधी कापतात. आणि ते इतकं दाट की खाली ऊन पोचत नाही. तवशाचं मादी फूल सकाळी उमलतं, दुपारी मिटतं. त्या चार तासांत माशी आली नाही तर खालचं तवसं गळणारच. मग बी कुणाच्याही हातानं पडलेलं असो.

याची मला शंका होती, पण शंकेवर माणूस वर्षं काढू शकतो. गेल्या ऑगस्टमधे मी आले तेव्हा सोबत वही आणली होती. तुला सांगितलं, कंपनीचं काम आहे. ओढ्यापलीकडे बांध शाबूत आहेत, तिथे भोपळ्याच्या वेलाशी तासभर बसले. एकेचाळीस माश्या मोजल्या. तुझ्या मांडवात तासभर बसले. दोन. त्यातली एक बहुतेक तीच परत आली होती.

आणि मग मी काय केलं ते. मी फुलांशी बोलत नव्हते. नर फुलं तोडून मी त्यांचा पराग तवशाच्या फुलांना पुसत होते. तीन सकाळी. जितकी हाताला आली तितकी. सात धरली.

मला वाटलं, एवढं दिलं की तुझं मन थाऱ्यावर येईल आणि मला काही सांगावं लागणार नाही. तू ती सात तवशी घरोघर नेशील हे माझ्या डोक्यात आलं नाही. ते माझ्या डोक्यात यायला हवं होतं, मी तुझी भाची आहे. तुझं ते "सात!" लिहिलेलं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि बाथरूममधे जाऊन बसले. तेव्हाच लिहायला हवं होतं. त्याऐवजी तुझ्या गुडघ्यांवर लिहिलं.

एक गोष्ट स्वतःच्या बाजूनं नाही, पण खरी म्हणून लिहिते. गवत मुळात वाईट नाही. त्यावर औषधं मारत नाहीत, जमीन दरवर्षी नांगरत नाहीत. बांध ठेवले असते, कडेला दोन-दोन हात तीळ-तेरडा राहू दिला असता, तर माश्या राहिल्या असत्या. हे आम्हाला पहिल्याच प्रशिक्षणात एका बाईंनी सांगितलं होतं. मी लिहूनही घेतलं होतं.

मला माफ कर असं लिहायला हात धजत नाही.

क्रांती


वरचीवाडी
५ नोव्हेंबर २०२५

क्रांती,

दोन महिने लिहिलं न्हाय. आधी भात कापणी होती. मग राग होता. आता दोन्ही आटोपत आलंय.

बांधाचं मला म्हाईत होतं. मशीन आली तेव्हा मी पेटीतनं कागद काढला नि बोट ठेवून ठेवून वाचला. अर्धा दिवस गेला. सातव्यावर आले तेव्हा समजलं. तूच शिकवलंस ना वाचायला. मला वाटलं, माझ्या बहिरेपणामुळं निसटलं असंल. तू वाचलं असशील नि मी मान हलवली असंल. चांगलं तेच धरलं मी तुझ्याबद्दल. तीन वर्षं तेच धरून बसले होते.

बांधाचा राग न्हाय म्हणत न्हाय. हाय. पण ते कलम तू कंपनीसाठी केलंस, पोटासाठी केलंस. पोटासाठी माणूस करतो.

तवशी कुणासाठी केलीस?

गळली होती तेव्हा माझं मी बसले होते घरी. वाडी पण गप्प होती. म्हातारी झाली म्हणून सोडून दिलं असतं त्यांनी, हळूहळू, मानानं. तू मला सात तवशी दिलीस नि मी ती मिरवली. आता त्या म्हणतात, त्या साली तिनं घरच्या मांडवाला काय केलं ते केलं, आम्हाला वाईट बी घातलं. प्राप्तीच्या सासूनं तोंडावर विचारलं, "तुमच्या मांडवाला गेल्या साली सात, आमच्या दारी यंदा शून्य, असं कसं हो?" आता ह्याला उत्तर काय देऊ? मला उत्तर म्हाईत नव्हतं तेव्हा मी खरी होते. आता म्हाईत हाय नि मी गप्प हाय. म्हणजे तुझ्यासारखीच झाले.

परवा वालाचं बी टोकायला गेले. भागुबाय म्हणाली, "तुम्ही बसा मनुबाय सावलीत, आम्ही टोकतो." वालाला बी माश्या लागतात का गं? लागत नसतील. तरी मला बसवलान.

मैना म्हणते, क्रांतीताईला बोलावून सगळ्यांना सांगा. मी न्हाय म्हटलं. एकतर त्या म्हणतील, आत्याचा हात राखायला भाची माश्यांची गोष्ट रचून आल्ये. दुसरं, पाच घरांनी माझ्या सहीवर सही केल्ये. तू बांधाचं सांगितलंस की तुझी नोकरी जाईल, ती पाच घरं जाब विचारायला अलिबागला तुझ्या बापाच्या दारी जातील. भाऊ माझा मान खाली घालून फिरेल ह्या वयात. एका हातासाठी एवढं नको.

येऊ नकोस इतक्यात. आलीस तर जेवायला वाढीन, पण बोलेन की न्हाय सांगत न्हाय.

तेवढं सांगून ठेवते, तुझी पुडी अजून आठवते मला. रोज संध्याकाळी मारत होते मी, चमच्यानं मोजून.

मनुआत्या


अलिबाग
२८ डिसेंबर २०२५

ती. आत्यास नमस्कार.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. सगळं. पान न उलटता. त्यांनी ऐकलं, उठून मोरीत गेले, तोंड धुतलं. मग म्हणाले, "मनूला त्या कलमाचं म्हाईत होतं नि ती तुला काय बोलली न्हाय?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मग तू तिची भाची शोभत न्हाईस." त्यानंतर आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. पण काल मला म्हणाले, पाच घरं माझ्या दारी आली तर मी त्यांना चटई टाकीन, तू माझी काळजी करू नको. हे त्यांनी तुला कळवायला सांगितलंय.

कंपनीला मी लेखी कळवलं आहे. करार वाचून दाखवताना मी एक कलम गाळलं, हेही लिहिलं. साहेबांनी बोलावून विचारलं, "हे लिहून देण्याची गरज काय होती?" मला त्यांचा राग आला नाही. तीन वर्षं मी स्वतःला हेच विचारत होते, फक्त सूर वेगळा होता. नवीन गावांच्या करारातून सातवं कलम काढायचं की नाही ते वरचे लोक ठरवणार. मला बहुतेक ठेवणार नाहीत. तुझे बांध यातून परत येत नाहीत, ते मला माहीत आहे. मातीचा ढीग घातला म्हणजे बांध होत नाही.

तू विचारलंस, तवशी कुणासाठी केलीस. मी उत्तर द्यायला महिनाभर बसले. पहिल्यांदा लिहिलं होतं, तुझ्यासाठी. तो कागद फाडला. मला तुझ्या त्या जुलैच्या पत्राला उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून केली. हाताला औषध असतं का, असं तू मला विचारलंस ना, त्या प्रश्नापासून पळायला केली.

मैना सांगते, वालाच्या शेंगा भरायला लागल्या आहेत आणि पंधरा-वीस दिवसांत भागुबाईच्या अंगणात सगळ्या बायका सोलायला बसतील. मला तिथे यायचं आहे. सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं आहे की कलम मी गाळलं, माश्या त्यानं गेल्या, आणि ती सात तवशी मनुबाईंनी नाही, मी चोरून धरवली. त्या मला खोटी म्हणाल्या तर म्हणू देत. एखाद्या सकाळी एखादीनं नर फूल घेऊन स्वतःच्या वेलाला पुसून बघितलं तर बघू दे. मी येऊन एवढंच बोलणार, आणि शिव्या ऐकायला थांबणार.

मी न विचारताही येऊ शकते. एस.टी. म्हसळ्यापर्यंत आहे, तिथून रिक्षा. पण तुझ्या नावावर जे जे मी केलं ते सगळं तुला न विचारता केलं, तुझ्या भल्यासाठी म्हणून. हे तसं करणार नाही. तू नाही म्हणालीस तर मी येणार नाही आणि तुझं गप्प बसणं मोडणार नाही, कितीही जड गेलं तरी.

तू नाहीच म्हणशील. मला तुझं अक्षर दिसतंय, "नको" चा न पाटीबाहेर गेलेला. तरीही विचारते. त्या दिवशी तू भागुबाईच्या अंगणात माझ्या शेजारी बसशील का, आणि मला बोलू देशील का?

तुझी,
क्रांती